हात लावा

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो कानशीच्या आवाजानं. अब्बा पहाटेची नमाज आटोपून सोप्यात पोत्यावर बसत आणि गुडघ्यांत लोखंडी वजन धरून त्याच्या कडेवर कानस चालवायला लागत. खर्र खर्र, मग एक फुंकर, मग तागडीच्या साखळ्यांची किणकिण, आणि मग काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ बरंच लांब चालायचं, कारण काटा मधोमध येऊन थांबेपर्यंत अब्बा श्वाससुद्धा जपून घ्यायचे. मी गोधडीत पडून तो श्वास सुटायची वाट बघायचे. तो सुटला की चुलीवर चहाचं आधण चढायचं, आणि गुळाच्या चहाचा वास आला की मी उठायचे. चहाबरोबर रात्रीची बाजरीची भाकरी, वर लाल चटणी आणि तेलाची धार. अजूनही मला चहा-भाकरीशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही, आणि सून म्हणते की अम्मी, तुमची साखर वाढेल. भाकरीत कुठली साखर आली, हे काही ती सांगत नाही.

अब्बा वजनकाटे दुरुस्त करायचे. कराडपासून विट्यापर्यंत जेवढी बाजारगावं होती, तिथल्या दुकानदारांच्या तागड्या, वाण्यांची वजनं, सोनारांचे नाजूक काटे, गुऱ्हाळावरचे माणूस उभा राहील एवढे काटे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. वर्षातून एकदा सरकारी साहेब कॅम्प लावून वजनं तपासायचा आणि छाप मारायचा. त्याला सगळे पासिंग म्हणायचे. लोखंडी वजनाच्या पोटात खालून एक भोक असतं आणि त्यात शिसं ठोकून भरलेलं असतं. वजन झिजून हलकं झालं की थोडं शिसं वाढवायचं, जड असलं की थोडं काढायचं, आणि बरोबर झालं की साहेब त्या शिशावरच छाप उठवतो. काटेवाले उस्मानभाईंच्या घरून आलेलं वजन साहेब नुसतं उलटं करून बघतो आणि छाप मारतो, अशी बोलवा होती. ती खरी नव्हती, साहेब तेही जोखायचाच, पण अब्बांनी ती कधी खोडून काढली नाही. आमच्याकडं दुसरं काही नव्हतं. शेत नव्हतं, घर भाड्याचं होतं. उस्मानभाईंचं वजन म्हणजे वजन, एवढी एकच गोष्ट होती.

त्यामुळं आमच्या घरात एकच कायदा होता: हात लावू नको. घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो आणि बाहेर गावची मराठी, पण अब्बा कामावर बसले की आमच्याशीही मराठीतच बोलत. गिऱ्हाईक ऐकतंय असं त्यांना वाटत असावं. ‘नसीम, हात लावू नगं’ हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा ऐकायचे की माझं नावच तेवढं लांब आहे असं मला वाटायचं. त्यांची कसोटीची पितळी वजनं लाकडी पेटीत निळ्या कापडावर झोपलेली असत. ती ते चिमट्यानं उचलत, आणि मोठी असली तर धुतलेल्या फडक्यानं. बोटाचा घाम लागला की पितळ बदलतं, असं ते सांगत. मी पाठीमागं हात बांधून तासन् तास ते बघत उभी राहायचे आणि माझ्या बोटांना अक्षरशः खाज सुटायची. मग मी स्वयंपाकघरात जायचे. तिथं अम्मीचा कायदा नेमका उलटा होता. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करायला बसली की ती माझे हात धरून पिठात घालायची आणि म्हणायची, वळ तुला येतील तशी. माझी शेंगोळी बोटाएवढी जाड व्हायची. आमटीत ती शिजायची नाहीत, मधे कच्ची राहायची, आणि अब्बा ती मुकाट्यानं चावून खायचे.

चौथीत असताना आमच्या प्राथमिक शाळेत कांबळे बाई आल्या. त्या सांगलीकडच्या होत्या, पहिलीच नोकरी, उंच, चालताना पदर खोचलेला. शाळेत आजवर विज्ञान प्रदर्शन व्हायचं म्हणजे मोठ्या भावांनी आणि काकांनी बनवलेली थर्माकोलची धरणं टेबलावर मांडायची, पुढं ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी ठेवायची, आणि आम्ही रांगेनं तोंडं बंद करून त्यावरून डोळे फिरवायचे. बाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं की यंदा प्रदर्शन नाही, जत्रा. विज्ञानाची जत्रा. जत्रेत जाऊन कुणी लांबून बघतं का? थर्माकोल कुणी आणायचा नाही. घरात, रानात, दुकानात जे आहे तेच आणायचं, ते स्वतः मांडायचं, आणि प्रत्येक टेबलावर एकच पाटी: ‘हात लावा’.

हेडमास्तरांना ते पटेना. ते म्हणाले, “बाई, पोरं मोडतील की वो समदं.”

“मोडू द्यात की, सर,” बाई म्हणाल्या. “मोडलं तर आत काय होतं ते तरी दिसेल.”

त्या पाटीचं मला किती वेड लागलं ते आज सांगून खरं वाटणार नाही. पुढं मीही शिक्षिका झाले, आयुष्यभर खडू धरला, आणि निवृत्त होऊन आता कुपवाडला मुलाकडं राहते. गेल्या हिवाळ्यात नातीच्या प्राथमिक शाळेत विज्ञान जत्रा ठरली. मुख्याध्यापिका घरी येऊन म्हणाल्या की आजी, तुम्ही दोन दिवस मदतीला याल का. मी गेले, तर टेबलं मांडून झाली होती आणि पहिल्याच टेबलावर विकत आणलेली सूर्यमाला, पुढं ‘कृपया हात लावू नये’. मी ती पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवलं. तिथली पोरं कारखान्यातल्या कामगारांची. दुसऱ्या दिवशी बाप लोक कामावर जाता जाता गाडी थांबवून जुनी बेअरिंगं, स्प्रिंगा, तुटकी दातेरी चाकं असं काय काय फाटकातून देऊन गेले. दुपारपर्यंत माझे हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे झाले. नात म्हणाली, “आजी, तू तर लय घाण झालीस.” मी तिला म्हटलं, आता जरा शिकल्यासारखं वाटतंय.

तर कांबळे बाई एका संध्याकाळी आमच्या घरी आल्या. त्यांना अब्बांचा मोठा काटा हवा होता. पोरांनी करवंट्यांच्या तागड्या केल्या होत्या, पण खरी तागडी कशी असते ते त्यांना बघायला, वापरायला मिळावं असं त्यांचं म्हणणं. अम्मीनं चहा दिला. अब्बांनी कानस खाली ठेवली, हात पुसले.

“बाई, तुमाला न्हाई म्हनवत न्हाई,” ते म्हणाले. “पन ह्या काट्याला मी माझ्या पोरीलाबी हात लावू देत न्हाई. वजन आपटलं की दांडी ज्या धारंवर डोलती ती धार जाती. मग तो काटा खोटं बोलाय लागतो.”

“मग तुम्हीच काट्यापाशी उभे राहा,” बाई म्हणाल्या. “हात कसा लावायचा ते पोरांना सांगा. आम्हाला कुठं येतंय?”

अब्बांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, “वजन ठिवायचं असतंय, टाकायचं नसतंय. एवडंच हाय खरं तर त्यात.” आणि थोड्या वेळानं, “येतो म्या.”

माझ्या वाट्याला लंबक आला होता. बाईंनी समजावलं: दोन सारख्या लांबीच्या दोऱ्या, एकीला हलकी वस्तू, एकीला तेवढ्याच आकाराची जड वस्तू, दोन्ही एकदम सोडायच्या आणि कुठली आधी परत येते ते पोरांनी स्वतः हातानं सोडून बघायचं. हलकी वस्तू म्हणून मी सुपारी ठरवली. घरी विचारलं तर अब्बा हसले. “त्यात काय बगायचं? जड हाय ते जोरात यील.” वजनांत हयात घालवलेला माणूस म्हणतोय म्हटल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. आता सुपारीएवढी आणि खूप जड अशी वस्तू पाहिजे होती. दगड पुरेसा जड होईना. लोखंडाचा बोल्ट गोल नव्हता. आणि मग मला शिसं आठवलं.

आज एखाद्या पोरानं शिसं हातात घेतलं तर मीच ओरडेन आणि साबण घेऊन त्याच्या मागं लागेन. तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की ते मऊ असतं, हातोडीनं ठोकलं की हव्या त्या आकाराचं होतं.

आमच्या सोप्यात दाराच्या दोन बाजूंना गोडेतेलाचे दोन मोठे पत्र्याचे डबे असायचे. उजवीकडच्या डब्यात पास झालेली, छाप मारलेली, मालकांना परत द्यायची वजनं. डावीकडच्यात बाद वजनं, म्हणजे फुटलेली, गंजून खाल्लेली, जी पुढं भंगारात जायची. मला बोलता येत नव्हतं तेव्हापासून अब्बांनी शिकवलं होतं: उजवीकडं पास, डावीकडं बाद. बाद डब्यातलं थोडं शिसं घेतलं तर कुणाचं काय जातं, असा माझा हिशेब. अब्बा दोन दिवस विट्याकडच्या फेरीवर गेले होते. बकरी ईद आठवड्यावर आली होती म्हणून अम्मीनं सोप्याच्या भिंतींना चुना लावून काढला होता आणि ती चादरी धुवायला नदीवर गेली होती. घरभर ओल्या चुन्याचा वास होता. मी डावीकडच्या डब्यातून सगळ्यांत मोठं भोक असलेलं पाच किलोचं वजन दोन्ही हातांनी बाहेर ओढलं, स्क्रू ड्रायव्हरनं त्याच्या पोटातलं शिसं उकरून काढलं, आणि वजन होतं तसं डब्यात ठेवून दिलं. शिशावर छाप होता, पण बाद वजनांवरही जुने छाप असतातच. मग परसात जात्याच्या दगडावर ठेवून ते ठोकलं, ठोकलं, सुपारीएवढं गोल केलं. वर खिळ्यानं भोक पाडून दोरा ओवला. जे बारीक तुकडे आणि कीस पडला तो मी कंपासपेटीत भरला. चांगली वस्तू टाकून द्यायची नाही, हीही अब्बांचीच शिकवण. विचारलं मात्र कुणालाच नाही. का विचारलं नाही, तर उत्तर काय मिळणार ते मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी मल्लूआप्पा आले. मल्लूआप्पा म्हणजे गावातलं मोठं किराणा दुकान, शिवाय शाळा समितीचे अध्यक्ष. कपाळावर भस्माचे पट्टे, धोतर पांढरंशुभ्र, आणि बोलणं अघळपघळ. त्यांचं माप झुकतं असायचं, साखर जोखताना शेवटची चिमूट ते पारडं खाली जाईपर्यंत टाकत, आणि टाकताना गिऱ्हाईकाकडं बघत नसत, जणू चुकून पडली. “वैनी, आमचं पाच किलोचं झालं असंल तर द्या,” ते दारातून म्हणाले. “शाळंच्या जत्रंला न्यायचंय.” अम्मीनं डब्यातून वजन काढून दिलं. मी आत शेंगोळी वळत होते. ते वजन मी बघितलंसुद्धा, पण कुठल्या डब्यातून निघालं ते नाही बघितलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका लेकरं काखोटीला घेऊन आल्या होत्या. गेलेल्या बल्बात पाणी भरून केलेलं भिंग होतं, त्यातून म्हातारी माणसं आपल्या हातावरच्या रेषा बघत होती. वाळूत चुंबक फिरवून लोखंडाचा कीस गोळा करायचा होता. डोळे बांधून वास ओळखायच्या वाट्या होत्या, जिरं, हिंग, रॉकेल, आणि एका पोरानं त्यात स्वतःच्या बुद्धीनं शेणाची वाटी ठेवली होती. माझे दोन लंबक व्हरांड्याच्या वाशाला झुलत होते, पण बाईंनी सांगितलं होतं की उद्घाटन होईपर्यंत कुणाला सोडू देऊ नकोस. मधोमध तीन बांबूंच्या घोड्याला अब्बांचा मोठा काटा टांगला होता, आणि शेजारी अब्बा, ईदला घालायचा झब्बा घालून, हात मागं बांधून उभे.

उद्घाटनाला फीत नव्हती. प्रमुख पाहुण्यांनीही प्रयोगच करायचा, असं बाईंनी ठरवलं होतं, आणि काय करायचं ते मल्लूआप्पांनी स्वतःच सुचवलं होतं. ते पुढं आले, पिशवीतून आपलं पाच किलोचं वजन काढलं, सगळ्यांना दाखवलं. “हे माझ्या दुकानाचं. आन् ते उस्मानभाईंचं कसोटीचं. पाच किलोला पाच किलो. आता काटा बगा कसा सरळ ऱ्हातो.” अब्बांनी फडक्यानं आपलं वजन एका पारड्यात ठेवलं. आप्पांनी आपलं दुसऱ्यात ठेवलं. अब्बांनी दांडी सोडली.

आप्पांचं पारडं वर गेलं. चार बोटं वर, आणि तिथंच राहिलं.

लोक पुढं सरकून बघायला लागले. मग मागून कुणीतरी म्हणालं, “आप्पा, आमची साखर कवापास्नं अशी जातीया वो?” आणि खसखस पिकली.  मल्लूआप्पांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं, आणि भस्माचे पट्टे निम्मे पुसले गेले ते त्यांना कळलंही नाही. “उस्मानभाई,” ते हळू म्हणाले, “तुमच्याच घरनं आणलंय न्हवं मी हे परवा?”

अब्बांनी वजन उचललं आणि उलटं केलं. पोटातलं भोक रिकामं होतं. त्याच्या कडेवर स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे होते, चमकणारे, ताजे.  अम्मीनं चुना लावताना डबे हलवले होते आणि परत ठेवताना त्यांच्या बाजू बदलल्या होत्या, हे मला त्या क्षणी उमगलं. अम्मीला उजवं-डावं कधी लागलंच नव्हतं. पासच्या डब्याला कडी होती, बादच्याला नव्हती, ती कडीवरून ओळखायची. एका घरात राहून आम्ही दोघी तेच दोन डबे दोन तऱ्हांनी ओळखत होतो.

“माझ्याच घरनं आलंय,” अब्बा मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “आप्पांचा ह्यात कायबी दोष न्हाई. माझ्या हातनं चुकलं.”

“मंग आमच्याबी तागड्या बगाय पायजेत म्हना की,” बाजारपेठेतला एक कापूसवाला म्हणाला. तो चेष्टेनं बोलला नव्हता. दोघे-तिघे माना डोलवायला लागले. अब्बा तसेच उभे होते, वजन छातीशी धरून, आणि त्यांचे कान लाल झाले होते. कधी कुणी त्यांचं वजन परत आणलेलं मी पाहिलं नव्हतं.

खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी काही शूर विचार आला नाही. आधी आलं ते हे की मागच्या दारानं पळावं आणि उसात शिरून बसावं. दुसरा विचार त्याहून वाईट होता: कुणाला कळणार आहे? अब्बांनी तर कबूलही करून टाकलं. पण अब्बा वजनाच्या भोकात बोट घालून बघत होते. आपण शिसं कच्चं ठोकलं होतं का, हे ते आठवायचा प्रयत्न करत होते, ते मला त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. ते मला बघवेना. मी वाशाकडं हात केला, दोरा दातानं तोडला, आणि लोकांच्या पायांतून वाट काढत काट्यापाशी गेले.

“अब्बा, ते परत ठेवा,” मी म्हटलं.

त्यांनी वजन पारड्यात ठेवलं. मी माझी शिशाची सुपारी त्याच्या शेजारी ठेवली. ठेवली, टाकली नाही. पारडं खाली आलं, दांडी हलली, डोलली, आणि थांबायला लागली. काटा मधोमध आला होता, पण अगदी नाही. केसभर अलीकडं होता. अब्बांनी काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नजरेत राग होता का ते मला आजही सांगता येत नाही. त्यांना ते केसभर तेवढं दिसत होतं.

“ऱ्हायल्यालं कुटं हाय?” त्यांनी विचारलं.

मी दप्तरातून कंपासपेटी काढली, उघडली आणि पारड्यावर झटकली. शिशाचे तुकडे, कीस, त्याबरोबर पेन्सिलीच्या दोन सालीही पडल्या. अब्बांनी त्या साली चिमटीनं उचलून बाजूला टाकल्या. मग सगळा व्हरांडा काटा थांबायची वाट बघत राहिला, आणि अब्बांसारखा श्वास धरलेली एवढी माणसं मी पहिल्यांदाच एकत्र बघितली. काटा सरळ उभा राहिला.

“डावीकडच्या डब्यातलं घेतलं,” मी सांगितलं, आणि तिथून पुढं रडायला लागले, त्यामुळं पुढचं काय बोलले ते कुणाला समजलं नसणार. बायकांच्या गर्दीतून अम्मीचा आवाज आला, “आवं, चुना लावताना मीच डबं हलवलं व्हतं की.” तिलाही रडू फुटलं होतं.

मल्लूआप्पांनी वाकून पारड्यातली शिशाची सुपारी उचलली, बोटांत फिरवली. “आन् हे कशाला केलंस गं?”

“लंबक,” मी हुंदके देत म्हटलं. “जड पाहिजे होतं.”

“म्हंजी माझं पाच किलो तुज्या झोक्याला गेलं व्हय,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज परत आला. ते कापूसवाल्याकडं वळले. “ऐकलंस का रं? तुज्या तागडीला झोका बांदला न्हाई कुणी. जा, निवांत झोप.” सगळे हसले, आणि या वेळचं हसणं वेगळं होतं. मग त्यांनी बाईंना विचारलं, “जत्रा सुरू झाली म्हनायची का, बाई?”

“आत्ता झाली,” कांबळे बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

अब्बांनी पिशवीतून हातोडी काढली, वजन उलटं करून फरशीवर ठेवलं, शिसं आणि कीस भोकात भरलं. मला वाटलं आता मला घरी जायला सांगतील. त्यांनी हातोडी माझ्यापुढं धरली. “पयला घाव तू घाल,” ते म्हणाले. “सरळ. तिरका न्हाई.” त्यांची हातोडी तोवर माझ्या हातात कधी आली नव्हती. मी घाव घातला. माझ्यामागं रांग लागली, आणि शाळेतल्या प्रत्येक पोरानं त्या शिशावर एकेक घाव घातला. अब्बा प्रत्येकाचं मनगट धरून सरळ करत होते. शेवटी त्यांनी आप्पांना बजावलं की साहेबाचा छाप पडेस्तोवर हे वजन दुकानात वापरायचं नाही. आप्पा म्हणाले, “व्हय, व्हय,” आणि पोरासारखी मान हलवली.

सगळे पांगले, टेबलांवर झुंबड उडाली. मी माझ्या वाशाखाली आले तर तिथं एक सुपारी लोंबत होती आणि शेजारी तुटका दोरा. माझी जत्रा संपली होती. मी खांबाला टेकून बसले. थोड्या वेळानं मल्लूआप्पा येऊन शेजारी उकिडवे बसले, इकडं तिकडं बघितलं, आणि जानव्यासारख्या गळ्यात घातलेल्या दोऱ्याला बांधलेली किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

“दुकानाचं कुलूप काडून आन,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “लय जड हाय ते. दाराला नुसती कडी घाल. आन् कुनाला सांगू नगं.”

मी पळत गेले. पेठेत कुणी नव्हतं, सगळं गाव शाळेत. ते पितळी कुलूप माझ्या दोन्ही तळव्यांत मावत नव्हतं. मी किल्ली फिरवली, कुलूप काढलं. दार किंचित उघडलं आणि आतून गूळ, खोबरं, धने यांचा वास आला. मी ते ओढून घेतलं, कडी घातली, ती नीट बसली का म्हणून दोनदा हलवून बघितली, आणि कुलूप पोटाशी धरून परत आले. कुणाचं ते न विचारता बाईंनी ते वाशाला टांगलं, दोऱ्या मापून सारख्या केल्या. पोरांनी सुपारी आणि कुलूप एकदम सोडलं. दोन्ही बरोबर गेली, बरोबर आली. परत सोडली, परत बरोबर. अब्बा काटा सोडून बघायला आले. “जड म्होरं यायला पायजे,” ते म्हणत होते. त्यांनी बाईंवर विश्वास न ठेवता दोरी स्वतः मापली, गाठ सोडून पुन्हा बांधली, मग स्वतःच्या हातानं कुलूप सोडलं, एकदा, दोनदा, पाचदा. त्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ माझ्या लंबकापाशी कोण होतं, तर माझे अब्बा. आणि मी त्यांना एकदाही म्हटलं नाही की हात लावू नका.

जत्रा दिवेलागणीपर्यंत चालली. आप्पा तोवर बसून होते, कधी भिंगातून बघत, कधी वास ओळखत. मी दोनदा त्यांच्याकडं जाऊन कुजबुजले की कुलूप काढून देऊ का. दोन्ही वेळा त्यांनी मानेनंच नको म्हटलं. पोरं रांगेत होती, कुलूप झुलत होतं. गावातलं सगळ्यांत भरलेलं दुकान तो अख्खा दिवस नुसत्या कडीवर होतं, आणि हे फक्त दोघांना माहीत होतं, ज्याचं दुकान होतं त्याला, आणि ज्या पोरीनं न विचारता त्याचं शिसं काढून नेलं होतं तिला.